स्वयंपाकघरामागची पट्टी : पानांच्या बागेच्या वर्षभराच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

जागा मोजली. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली पट्टी. लांबी २१ फूट, रुंदी साडेतीन फूट, बाजू उत्तरेची. पुण्यातली आमची दुमजली जुनी इमारत, आम्ही तळमजल्यावर. गेल्या सहा वर्षांत इथे मोगरा, गुलाब, जास्वंद आणि दोनदा तगर लावून झाली. तगर तेवढी जगली, तीही एक फूल न देता.

आता फुलांचा नाद सोडला. फक्त पानांची झाडं, आणि तीही वर्षानुवर्षं टिकणारी. दर हंगामाला रोपांचे ट्रे आणायचे नाहीत. सासूबाईंना बेत सांगितला तर म्हणाल्या, "पानं काय बघायची असतात? पानं खायची असतात."

आज दिवसभर दर तासाला खिडकीतून ऊन पाहिलं. साडेआठपर्यंत पूर्वेच्या टोकाला तिरपं ऊन येतं, नंतर नाही. संध्याकाळचं शेजारचा आंबा अडवतो. दुपारी बाराला इमारतीची सावली कंपाउंडच्या भिंतीला जेमतेम टेकते, म्हणजे पट्टी अख्खी सावलीत. वहीत लिहिलं : पूर्ण सावली.

२१ एप्रिल

दोन दिवस खणकाम. वर बोटभर काळी माती आणि खाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा : विटांचे तुकडे, फरशांचे काप, सिमेंटचे गोळे, एक चप्पल. सदतीस घमेली भरली. माळीकाका म्हणाले, "इथे तगर जगली हेच नवल."

एक फूट खोल खड्डा करून नऊ वाजता पाण्याने भरला. एक वाजता त्यात अजून चार बोटं पाणी होतं. तळाशी दाबून बसलेला मुरूम आहे. पहारीने तो जागोजागी फोडला. मग मातीत चांगलं कुजलेलं शेणखत, भाताचं तूस आणि कोकोपीट मिसळलं. अंदाज असा : दोन घमेली माती, एक घमेलं खत, एक घमेलं तूस-कोकोपीट. निंबोळी पेंड तीन किलो. वाफा वाटेपेक्षा सहा इंच उंच ठेवला आणि गटाराकडे उतार दिला.

स्वयंपाकघराच्या भिंतीला वाफा भिडवलेला नाही. मध्ये नऊ इंचांत खडी भरली, नाहीतर पावसाळ्यात ओट्यामागे ओल चढेल. म्हणजे झाडांना मिळाले पावणेतीन फूट. त्यातही अल्पिनियाचं एखादं झुडूप तीन फूट पसरतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

२८ एप्रिल

उरुळी कांचनला जाऊन आलो. सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांगच आहे, आणि घाऊक माल असल्याने भाव शहरापेक्षा बरे.

आणलं ते : पिवळ्या पट्ट्यांचं अल्पिनिया २, काळ्या पानाचं शोभेचं अळू ३, अ‍ॅग्लोनेमा ४ (दोन रुपेरी, दोन लाल), कॅलेथिया ३, कॅलेडियम ६, कोलियस ६, क्रोटन २, बॉस्टन फर्न ४, पांढऱ्या छटेचं सिंगोनियम १. रिहो शेजारच्या सोसायटीतून फुकट, टोपलीभर. सापाच्या पट्ट्याचं झाड, म्हणजे सॅन्सेव्हेरिया, घरचंच. खर्च २,९४० रुपये.

प्रत्येक झाडाला ऊन किती लागतं, असं विचारत होते. उत्तर एकच : "कुठंही ठेवा ताई." क्रोटनलाही तेच आणि कॅलेथियालाही तेच.

५ मे

लावणी. खरं तर पाऊस लागल्यावर लावायला हवं होतं. माळीकाकांनी सांगितलंही. धीर नव्हता.

भिंतीकडे अल्पिनिया आणि क्रोटन, मध्ये अळू, अ‍ॅग्लोनेमा आणि कॅलेथिया, कडेला रिहो आणि फर्न. कॅलेडियम तीन-तीनच्या दोन घोळक्यांत. एकेकटं लावलं की ते हरवल्यासारखं दिसतं. वरून आंब्याच्या पालापाचोळ्याचं तीन बोटं आच्छादन.

अळूचे देठ मोडले तेव्हा चीक मनगटाला लागला, तासभर खाज. या कुळातल्या सगळ्यांच्याच अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कॅलेडियम, अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियम, कोणीच सुटलेलं नाही. डिफेनबेकिया मुद्दाम घेतला नाही, वरच्या मजल्यावरचं बाळ रांगत रांगत अंगणात येतं.

सॅन्सेव्हेरियाच्या एका लांब पानाचे पाच तुकडे करून कुंडीत खोचले. फुकटात पाच झाडं, असा हिशेब.

१४ मे

घात झाला. दुपारी साडेबाराला भात लावायला गेले आणि खिडकीतून पट्टी पाहिली तर भिंतीपासून भिंतीपर्यंत ऊन. तिन्ही कॅलेथिया कागदासारख्या वळलेल्या, लाल अ‍ॅग्लोनेमाच्या पानांवर पांढरे चट्टे.

कारण पेपरातच होतं. पुण्यात शून्य सावली दिवस १३ मेच्या आसपास येतो. सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेलाच असतो. शाळेत असताना काठी रोवून हा प्रयोग केलेला, पण स्वतःच्या स्वयंपाकघरामागे तो लागू होतो हे डोक्यातच आलं नाही. एप्रिलमध्ये इमारतीची सावली साडेतीन फूट पडत होती, ती महिन्याभरात आत ओढली गेली. उत्तरेची बाजू सावलीची हे साडेनऊ महिने खरं. उरलेले अडीच महिने पट्टी उघडी. त्यातला जून-जुलै ढग सांभाळतात. मे कोणी सांभाळत नाही.

वहीतलं "पूर्ण सावली" खोडलं. संध्याकाळी ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आणून दोन भिंतींमध्ये बांधली.

फूल करपलं तर दोन दिवसांत गळून जातं. करपलेलं पान मात्र समोरच राहतं. नवी पानं येईपर्यंत ही चूक ओट्यावरून रोज दिसणार.

९ जून

काल प्रचंड पाऊस. शहरात रस्त्यांच्या नद्या झाल्या. वाफ्यातलं पाणी तासाभरात उतरलं. पहार चालवल्याचं सार्थक. जाळी मधोमध फुगून पाण्याने लोंबत होती, ती काढून घडी करून माळ्यावर टाकली.

२३ जून

कॅलेडियमनी दोन आठवड्यांत रंग दाखवला. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा असलेलं तिन्हीसांजेला सगळ्यात शेवटी दिसेनासं होतं. अंधाऱ्या कोपऱ्यात लालपेक्षा पांढरं पान उपयोगी, हे लिहून ठेवते. लाल रंग सावलीत काळपट होऊन जातो.

एका पानाला रुपयाएवढं भोक.

१४ जुलै

भोकं कुणी पाडली ते रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गेल्यावर कळलं. शंखी गोगलगाय. मुठीएवढ्या मोठ्या एकवीस, बारक्या मोजल्या नाहीत. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनचे कोवळे कोंब हिनेच फस्त केले होते, तेव्हा ती शेतकऱ्यांची बातमी होती. आता माझ्या कोलियसची आहे. नर-मादी एकाच देहात, आणि एका खेपेला शंभरावर अंडी जमिनीत. त्यामुळे "थोड्याच तर आहेत" असं म्हणण्यात अर्थ नाही.

केलेले उपाय.

आच्छादनच त्यांचं घर झालं होतं. ओला पालापाचोळा सगळा उचलला. उन्हाळ्यात जे वरदान, ते श्रावणात संकट.

मग शेतकऱ्यांना सांगतात तोच उपाय : गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचं. पहाटे उलटायचं. खाली जमलेल्या असतात. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हातमोजे घालूनच, त्यांच्या स्रावात परजीवी असू शकतात. पहिल्या रात्री ३४, दुसऱ्या रात्री १९, पाचव्या रात्री ६. विषारी गोळ्या मिळतात, पण सोसायटीचा मोती कुठेही तोंड घालतो, म्हणून आणल्या नाहीत.

पाहिलेलं एक : कोलियस आणि कॅलेडियम त्यांनी आवडीने खाल्लं, रिहोला आणि सॅन्सेव्हेरियाला तोंड लावलं नाही, फर्नकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी कडेला सलग रिहो लावून पाहायचा.

सासूबाईंना बादलीचा प्रकार आवडला नाही. श्रावण लागेपर्यंत आटप, एवढंच म्हणाल्या.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या काही सोसायट्यांत तळमजले बुडाले. आमची बाजू उंचावर, वाफा ठीक. बागेबद्दल आज एवढंच.

४ ऑगस्ट

ताम्हिणीला गेलो होतो. एका जुन्या झाडाच्या बेचक्यात, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर रुखअळू. हिरवीगार ढालीसारखी पानं, मुळं शेवाळात. याला आकड्यासारखे काटे असलेल्या बारीक कंदिका येतात, त्या जनावरांच्या अंगाला चिकटून दुसरीकडे जातात. आपल्या वाड्यांच्या अंगणातलं क्रोटन मोलुक्का बेटांकडचं आणि कॅलेडियम दक्षिण अमेरिकेचं, आणि सह्याद्रीतलं हे पान एकाही नर्सरीत नाही. लेकीला तिथून एक कंद उपटून आणायचा होता. नाही आणला.

१ सप्टेंबर

मे महिन्यात खोचलेल्या सॅन्सेव्हेरियाच्या पाच तुकड्यांपैकी चार जगले, दोघांना कोंब आले. पण कोंबांना पिवळी कड नाही! आईच्या पानाला दोन्हीकडे ठसठशीत पिवळी किनार, लेकरं नुसती हिरवी, चट्टेपट्टे तेवढे आहेत.

शोधल्यावर उलगडा झाला. किनारीच्या पानात दोन वेगळ्या वंशाच्या पेशी शेजारीशेजारी नांदत असतात. कडेच्या पेशींना हरितद्रव्य करता येत नाही, आतल्यांना येतं. पानाच्या तुकड्यातून कोंब फुटतो तेव्हा तो आतल्या हिरव्या पेशींतून येतो, किनार मागेच राहते. किनार हवी असेल तर बुडाचा गड्डा फोडून फुटवा मुळासकट वेगळा करायचा. दुसरा रस्ता नाही.

सिंगोनियमचंही तसंच. त्याच्या एका फांदीवर अख्खी हिरवी पानं आली आहेत, आणि ती फांदी बाकीच्यांच्या दुप्पट वेगाने धावते आहे. साहजिक आहे. पांढऱ्या भागात अन्न तयार होत नाही, पांढरं पान म्हणजे घरात बसून खाणारं माणूस. झाडाला संधी मिळाली की ते हिरवं होऊ पाहतं. ती हिरवी फांदी बुडापासून कापली, नाहीतर वर्षभरात सगळं झाड तिचंच झालं असतं.

सासूबाई बघत होत्या. "अगं, जी चांगली वाढतेय तीच कापतेस?" मी म्हटलं, "आई, ती वाढली तर रंग जाईल." त्या म्हणाल्या, "म्हणजे झाडाला बरं वाटायला लागलं की तू कात्री आणतेस." यावर मला उत्तर सुचलं नाही. हिरवे कोंब असलेली कुंडी त्यांनी आपल्या देवघराच्या खिडकीत नेली.

क्रोटनचा प्रश्न याच्या उलट. याच्या लाल-पिवळ्या रंगाला भरपूर उजेड लागतो. चार महिन्यांच्या सावलीत दोन्ही क्रोटन हिरवट पडली. पावसाळा संपला की पुढच्या फाटकाशी, उन्हात.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. पत्रीची एकवीस पानं सासूबाईंनी नावानिशी ओळखून मांडली. मला त्यातली नऊ येतात. पानं बघायची नसतात म्हणणाऱ्या बाईंचा हा हिशेब.

आज ऋषिपंचमी. सकाळी सहाला खिडकीतून पाहते तर त्या विळी घेऊन वाफ्यात. काळ्या अळूची तीन मोठी पानं कापून झालेली. "काळ्या देठाचं आहे, वडीचंच की हे!" जात तीच, हे खरं. पण शोभेचं वाण चवीसाठी कुणी निवडलेलं नसतं, खाज किती असेल याचा भरवसा नाही, आणि नर्सरीत त्यावर काय फवारलं होतं देव जाणे. वेळेवर अडवलं. ऋषीची भाजी मंडईतल्या अळूची झाली.

रुसवा दुपारपर्यंत टिकला. मग तह ठरला : पश्चिमेच्या टोकाला, जिथे मोरीचं पाणी झिरपतं, तिथे दोन फूट जागा खऱ्या वडीच्या अळूला. कंद त्या आपल्या माहेरून, चिपळूणहून मागवणार.

२० ऑक्टोबर

क्रोटन हलवली. आठवड्यात निम्मी पानं गाळली. जागा बदलली की ती असं करतातच, घाबरून जास्त पाणी द्यायचं नाही.

चिपळूणचे कंद आले, पाच. लावले.

१० नोव्हेंबर

कॅलेडियम एकेक करत आडवं पडतंय. मेलेलं नाही, झोपायला निघालंय. पाणी थांबवलं. पानं पूर्ण वाळल्यावर कंद उकरले : सहाचे अकरा झालेत. एक मऊ पडला होता, फेकला. दहा कंद चार दिवस सावलीत वाळवून कोरड्या कोकोपीटमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कांदा-बटाट्याच्या शेजारी. खोक्यावर मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत".

१७ डिसेंबर

थंडी कडाक्याची. पारा दहाच्या खाली. लाल अ‍ॅग्लोनेमाच्या पानांवर तेल सांडल्यासारखे काळपट डाग आले, रुपेरीला फारसं काही नाही. रात्री जुनं धोतर पांघरतो, सकाळी काढतो.

कोलियसला तुरे आले. दिवस लहान झाले की हे होतंच. खुडले नाहीत तर झाड लाकडी होऊन बसतं. तसंही इथे आता उन्हाचा कवडसा नाही, कांड्या लांबल्यात, रंग उतरलाय. शेंडे कापून पाण्याच्या बाटलीत ठेवले, थंडीत मुळं फुटायला पंधरा दिवस लागले. कोलियस म्हणायला बहुवर्षायू, पण माझा निकाल असा : याला दरवर्षी शेंड्यांपासून नवं करायचं, जुनं बुड सांभाळत बसायचं नाही.

२ फेब्रुवारी २०२५

गेल्या आठवड्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले. गर्दी फुलांपुढे, मी कुंड्यांमधल्या पानांच्या विभागात तासभर. एकही चट्टा नसलेलं पान बघून आधी हेवा वाटला. मग लक्षात आलं की ती झाडं जाळीच्या घरात वाढतात, माझी भांडी घासायच्या मोरीशेजारी.

फाटकाजवळच्या क्रोटनला नवी पानं, शेंदरी.

९ मार्च

छाटणी आणि विभागणी. अल्पिनियाने खरंच तीन फूट व्यापले, फर्न दाबून टाकलं. कुदळीने गड्डा फोडून अर्धा बाहेर काढला, तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे लावला. फर्नच्या चार जुड्यांच्या नऊ केल्या. सॅन्सेव्हेरियाचा फुटवा या वेळी शहाण्यासारखा मुळासकट तोडला. पिवळी किनार शाबूत.

पिठ्या ढेकूण फक्त कोलियसच्या बेचक्यात. कापसाला साबणाचं पाणी लावून पुसले.

८ एप्रिल

चाळिशी पार. काळ्या अळूच्या पानांवर बारीक फिकट ठिपके, मागून पाहिलं तर जाळं : लाल कोळी. औषध नाही. रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, आठवडाभर. कोरड्या हवेतच तो माजतो.

कॅलेथियाच्या कडा वर्षभर तपकिरी होत होत्या, त्याचं कारण बहुधा बोअरचं पाणी. किटलीत आतून पांढरा थर बसतो, तोच क्षार वाफ्यात. वरच्या मजल्याच्या एसीची नळी आमच्याच वाफ्याशेजारी ठिबकते. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. खाली बादली ठेवली, रात्रीत सहा-सात लिटर जमतं. तीन आठवड्यांत आलेली दोन नवी पानं काठापर्यंत हिरवी आहेत. रात्री ती हात जोडल्यासारखी मिटतात, ते बघायला लेक साडेनऊला येते. गोगलगायींच्याच वेळेला.

जाळी माळ्यावरून काढून धुतली. २५ एप्रिलला बांधायची, १४ मेची वाट बघायची नाही.

११ मे

जाळी वर. एकही पान करपलेलं नाही.

कॅलेडियमचे कंद बाहेर काढले. सहा कंदांचा मधला मोठा डोळा चाकूच्या टोकाने कोरून काढला, चार तसेच ठेवले. डोळा काढला की बाजूचे डोळे फुटतात, पानं लहान पण जास्त येतात. कुंड्यांत लावले. वाफ्यात ७ जूनच्या सुमाराला नेणार.

२६ मे

पावसाने वेळापत्रक खाल्लं. मे संपायच्या आधीच मोसमी पाऊस पुण्यात. जाळी भर पावसात उतरवली, कॅलेडियम बोटभर कोंबांचे असतानाच वाफ्यात लावले. गोणपाट गुळाच्या पाण्यात. पहिल्या रात्री ८.

कडेला सलग रिहो लावला होता, त्याचा फरक एवढ्यात सांगता येणार नाही. अजून पावसाळा पुढे आहे.

वडीच्या अळूची सहा पानं आज सासूबाईंनी काढली, दोन उंडे वाफवले. देवघरातला हिरवा सॅन्सेव्हेरिया माझ्या किनारवाल्यापेक्षा वीतभर उंच झाला आहे. वडी ताटात वाढताना त्यांनी तो मला दुसऱ्यांदा दाखवला.